बांधाखालचा चर

याराबिनच्या वीस मैलांच्या टापूत जेवढी तळी आहेत त्यातली निम्मी मर्विन पकरिजने खणलेली, आणि उरलेली निम्मी बघून तो नाक मुरडतो. पन्नास वर्षं त्याने दुसऱ्यांच्या जमिनी उकरल्या. स्वतःच्या घरामागे पाच एकर मोकळं रान पडलं होतं, पण तिथे बदकाचे पाय बुडतील एवढंही पाणी त्याने कधी साठवलं नाही. त्याची बायको नोएलीन हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मर्विन म्हणायचा, "घरचं गिऱ्हाईक फार कटकट करतं."

मग गेल्या जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, डोंगरावरून आग खाली आली. छपरावर पाणी मारता मारता पावसाच्या पाण्याच्या दोन्ही टाक्या दोन तासांत कोरड्या पडल्या, आणि मग नवरा-बायको ओल्या गोणपाटांनी ठिणग्या बडवत राहिली. वारा फिरला म्हणून घर राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेने काळ्या झालेल्या व्हरांड्यात चहा पिताना मर्विन म्हणाला, "तळं खणू या."

"पन्नास वर्षांनी सुचलं!" नोएलीन म्हणाली.

आराखडा एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर झाला. ऐंशी फूट लांब, पन्नास फूट रुंद, मधोमध दहा फूट खोल, उताराच्या बाजूला बांध, एका टोकाला जादा पाणी निघून जायला सांडवा. आगीचा पंप कुठे बसेल तिथे मर्विनने फुली मारली. परवानगीसाठी कौन्सिलला फोन नोएलीनने केला, कारण फोनवर मर्विनला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तो ऐकत नाही. पलीकडच्या मुलीने विचारलं, तळं शोभेसाठी आहे की आगीसाठी? नोएलीनने फोनवर हात ठेवून तोच प्रश्न घरात ओरडून विचारला.

"तिला सांग, डास पाळायला!"

"आगीसाठी," नोएलीनने फोनवर सांगितलं.

जमिनीखालच्या तारांचीही चौकशी झाली, तारा नव्हत्या. मग मर्विनने हाताच्या गिरमिटाने सहा ठिकाणी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकातली माती घरात आणली. लग्न झाल्यापासून नोएलीनच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत फुलं कमी आणि चिखलाचे ग्लास जास्त असायचे. ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात मातीचा खडा सोडायचा आणि एक दिवस थांबायचं. खड्याभोवती दुधासारखं गढूळ झालं तर ती माती पाणी धरत नाही. खडा मुकाट्याने बसून राहिला तर माती कामाची. यंदा सहाच्या सहा खडे बसून राहिले. मर्विन खिडकीशी वाकून एकेक ग्लास बघत होता आणि त्याचा चेहरा खुलत होता.

"माती एक नंबर आहे," तो म्हणाला. "फक्त वर दोन फूट मुरूम आहे. त्यातून पाणी सरळ निसटणार. चर चांगला पाच फूट घ्यायला लागेल."

हे तो स्वतः बोलला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, चॉप्स खाताना. नोएलीनला ते पक्कं आठवतं.

चर हा मर्विनचा आवडता विषय. त्यावर तो तासन्‌तास बोलू शकायचा आणि बोलायचाही. बांध उभा करायच्या आधी, जिथे बांध येणार त्याच रेषेवर तो घट्ट चिकणमाती लागेपर्यंत चर मारायचा. मग तो चर उत्तम चिकणमातीने थर देत देत, दाबत दाबत भरायचा. त्यावर बांध. एवढं केलं की पाणी बांधाच्या खालून पळत नाही. पण बांध झाल्यावर चर कोणाला दिसत नाही, म्हणून कामचुकार माणसं तो गाळतात आणि दोन वर्षांनी मर्विनला बोलावणं येतं. हे भाषण नोएलीनने जेवणाच्या टेबलावर, गाडीत, दोन लग्नांत आणि एका दफनविधीत ऐकलं होतं. तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली. पोकलेनच्या गियरला तिने कधी हात लावला नव्हता, पण मातीचा रंग बघून ती पाणी धरेल की नाही हे तिला सांगता यायचं.

आता थोडं मर्विनविषयी. तो शहात्तर वर्षांचा होता. गेल्या वर्षभरात त्याचं काहीतरी हलायला लागलं होतं. डेस हॅनरहनच्या मेंढवाड्याची मोरी त्याने मंगळवारी दुरुस्त केली आणि गुरुवारी तीच मोरी दुरुस्त करायला पुन्हा जाऊन उभा राहिला. डेस समंजस माणूस, त्याने चहा पाजून परत पाठवला आणि नोएलीनला फोन केला. कधी त्याला सांडवा हा शब्द सापडायचा नाही, मग "ते हे, पाण्याचं जायचं" असं म्हणून तो हात हलवायचा. डॉक्टरने लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. लक्ष ठेवा म्हणजे काय करा, हे त्याने सांगितलं नाही.

मुलगी लीॲन न्यूकॅसलला नर्स होती. ती दर रविवारी फोन करायची.

"मम, डॅडला मशीनवर चढू देऊ नकोस."

"मग काय करू? किल्ली गिळून टाकू?"

"तू हसण्यावारी नेतेस. उद्या कोणाच्या अंगावर बांध फुटला म्हणजे?"

"तुझ्या बापाचा बांध आजवर फुटलेला नाही," नोएलीन ठसक्यात म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर ती बराच वेळ टेबल पुसत होती.

तिकडे हिवाळ्याचा पाऊस जूनमध्ये लागतो, त्याच्या आधी, एप्रिलच्या एका सोमवारी मर्विनने काम काढलं. पहिल्या दिवशी वरची भुसभुशीत माती खरवडून कुंपणाशी ढीग केला. मंगळवारी तळ्याचा खड्डा मारायला सुरुवात केली. नोएलीन दहा वाजता चहा आणि फ्रूटकेक घेऊन जायची. तो पोकलेनच्या साखळीवर बसून खायचा आणि खड्ड्याच्या कडेचे थर बोटाने दाखवायचा: ही काळी, हा मुरूम, ही बघ, खाली कशी लाल-पिवळी चिकण लागली. दोन दिवसांत त्याला एकही शब्द अडला नाही. हात तर असे चालत होते की बकेटने त्याने अंड्याचं टरफल काढलं असतं. नोएलीनला वाटलं, लीॲनला बोलावून हे दाखवावं.

बुधवारी तिचा दात ठणकत होता म्हणून ती गावात गेली. दाताच्या डॉक्टरकडे दोन तास मोडले, मग बाजारहाट, मग कोणीतरी भेटलं. चार वाजता ती परतली तेव्हा बांध कमरेइतका वर आला होता.

ती गाडीतून उतरली आणि पिशव्या हातात घेऊन तिथेच उभी राहिली. चरातून निघालेला मुरूम मर्विन नेहमी वेगळा ठेवायचा, बांधाच्या डाव्या हाताला, एका लांब ढिगात, म्हणजे चुकून तो बांधात जाऊ नये. डाव्या हाताला गवत होतं. उजव्या हातालाही गवत होतं.

संध्याकाळच्या जेवणाला तिने बटाटे वाढता वाढता विचारलं, "चर झाला का?"

"हं?"

"चर. झाला का?"

"झाला की. मग बांध काय हवेत उभा केला?" मर्विन हसला आणि त्याने ग्रेव्ही ओतून घेतली. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात आणि या वेळी कान जागेवर होते.

जेवणानंतर उजेड होता तोवर नोएलीन बांधाला फेरी मारून आली. खालच्या कडेला तिने बुटाच्या टाचेने उकरलं. मुरूम. चार पावलं पुढे उकरलं. तिथेही मुरूम, कोणी कधी हात न लावलेला. पाच फूट चर मारून भरायला मर्विनला अख्खा दिवस लागायचा. एका दिवसात चरही आणि कमरेइतका बांधही, हे त्याच्या तिशीतसुद्धा जमलं नसतं.

ती घरात आली. मर्विन शीळ घालत भांडी पुसत होता. शीळ तिने वर्षभरात ऐकली नव्हती. आत्ता सांगितलं तर तो काय करेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. चिडला असता तर एक वेळ परवडलं असतं. तो चिडला नसता. टॉवेल हातात घेऊन तो नुसता तिच्याकडे बघत राहिला असता, आणि ते तिला बघायचं नव्हतं. सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सकाळी सहालाच पोकलेनचा आवाज सुरू झाला, आणि ती आवरून बाहेर पडेपर्यंत बांध तिच्या खांद्याला लागला होता. शुक्रवारी तो तिच्या डोक्यावरून गेला. नोएलीनने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

शनिवारी मेंढ्या आल्या. याराबिनच्या बाजूला नवीन तळं झालं की त्याच्या तळाशी मेंढ्या कोंडतात. खाली थोडं पाणी मारून चारा पसरतात आणि दोन दिवस कळप चिकणमाती तुडवतो. त्या खुरांनी जी माती बसते ती रोलरनेही बसत नाही. शिवाय त्या निमित्ताने शेजारपाजारचे लोक घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन येतात, तेही कारण आहेच. डेसने ट्रकमधून एकशेवीस मेंढ्या उतरवल्या.

"मर्विन, माझ्या पोरींना जेवण तरी चांगलं घाल," डेस म्हणाला.

"तुझ्या घरापेक्षा बरंच मिळेल. त्या परत यायच्या नाहीत बघ."

सगळे हसले. बांधाचं कौतुक झालं. कोणी त्यावर चढून बघितलं, कोणी लाथ मारून बघितली. नोएलीन सॉसेज रोलचं ताट घेऊन फिरत होती आणि ज्याने त्याने तिला विचारलं, "मग, खूश ना बाईसाहेब?" ती मान हलवत होती.

त्याच दिवशी ब्रेट सॉरेलने विषय काढला. ब्रेट, जोडी नावाची त्याची बायको आणि दोन लहान मुली, हे दोन वर्षांपूर्वी शहरातून येऊन बाजूच्या जागेत राहिले होते. आग आली तेव्हा त्यांनी मुलींना गाडीत घालून पळ काढला होता. ब्रेटला घराच्या वरच्या अंगाला तळं हवं होतं, म्हणजे वीज गेली तरी पाणी उताराने आपोआप खाली येईल.

"तू खणशील का मर्विन? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

मर्विनने बिअरची बाटली खाली ठेवली. त्याने नवीन बांधाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मग ब्रेटच्या हातात हात दिला. "जुलैत. थोडं मोठं खणू, बांध बारा फूट."

नोएलीनच्या हातातलं ताट कललं आणि दोन रोल गवतात पडले. तिथून ब्रेटचं घर दिसत होतं. उताराच्या पायथ्याशी, वरच्या अंगाला मुलींच्या खोलीची खिडकी, तिला पिवळे पडदे.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. तळं अर्ध्याच्या वर भरलं आणि कुठून कोण जाणे, चार रानबदकं येऊन राहिली. मर्विन रोज सकाळी चहाचा मग घेऊन बांधावर उभा राहायचा. जूनच्या शेवटी एके दिवशी नोएलीन बांधाच्या खालच्या बाजूला गेली तर तिथलं गवत उगाचच जास्त हिरवं होतं. तिने पाय टाकला. बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना पचकन आवाज झाला.

पुढे तिने जे केलं ते तिला आजही कोणाला सांगावंसं वाटत नाही. तिने बांधाच्या पायथ्याशी घेवड्याचा वाफा केला. घरापासून रबरी नळी ओढली आणि पाणी सोडून दिलं, म्हणजे तिथली ओल वाफ्याची वाटावी. ही बाई चाळीस वर्षं अंघोळीच्या शॉवरखाली बादली ठेवत आली होती, ते पाणी गुलाबांना घालायला. टाकीच्या पाण्याने गाडी धुणाऱ्या जावयाशी ती एक वर्ष बोलली नव्हती. आता तीच टाकीचं पाणी रात्रंदिवस चिखलात ओतत होती.

"डोकं फिरलंय का तुझं?" मर्विन म्हणाला. "हिवाळ्यात घेवड्याला कोण एवढं पाणी घालतं?"

"मला हवंय तसं मी वाढवीन."

"टाकी रिकामी करशील."

"तळं आहे ना आता!" ती फटकन म्हणाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेट गुरुवारी येऊन सांगून गेला की त्याने खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत आणि सोमवारी तो कामावरून सुट्टी घेतोय. जोडी त्या दिवशी सगळ्यांसाठी जेवण करणार आहे. मुलींनी तळ्याला नावही ठेवलंय. तो गेल्यावर नोएलीनने सिंकपाशी उभं राहून धुतलेली भांडी पुन्हा धुतली. शुक्रवारी सकाळी तिने नळ बंद केला. शनिवारी जाऊन बघितलं. वाफ्यात पाणी होतं. रविवारी बघितलं. घेवड्याची रोपं पाण्यात उभी होती.

दुपारच्या जेवणानंतर ती म्हणाली, "बूट घाल. तळ्यावर चल."

मर्विन काही न विचारता आला. बांधाच्या पायथ्याशी आल्यावर त्याने वाफा बघितला आणि वैतागून म्हणाला, "नळ बंद कर ना आधी."

"बंद आहे. शुक्रवारपासून."

मर्विन तिच्याकडे बघत राहिला. मग तो गुडघे धरून सावकाश खाली बसला. खिशातला चाकू काढून त्याने ओंजळभर माती उकरली. खड्ड्यात पाणी आलं, स्वच्छ पाणी, बांधाच्या बाजूने. त्याने ते हाताने उपसलं. पुन्हा आलं. तो उठला नाही. बांधाकडे बघत तो स्वतःशीच मोजायला लागला.

"सोमवारी वरची माती काढली. मंगळवारी खड्डा. बुधवारी..." तो थांबला. "बुधवारी मी काय केलं?"

"बांध."

"त्याआधी?"

"त्याआधी काही नाही, मर्विन."

बदकं पलीकडे कलकलत होती. मर्विनने चाकू गवताला पुसला, मिटला आणि खिशात घातला. त्याला उठायला त्रास होत होता म्हणून नोएलीनने हात पुढे केला, पण तो त्याने घेतला नाही.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. ढीग नव्हता."

"आणि तू गप्प बसलीस."

"तू खुशीत होतास."

"खुशीत!" मर्विन ओरडला. बदकं उडाली. "नोएल, बुधवारी बोलली असतीस तर एका दिवसाचं काम होतं. कमरेइतका बांध, सारला असता बाजूला. तुला दोन शिव्या घातल्या असत्या, स्वतःला चार, आणि मारला असता चर. आता काय करू? सगळा फोडायला लागणार."

"मला वाटलं, तुला सहन होणार नाही."

"मला!" तो उभा राहिला होता. आवाज आता खाली आला होता. "माझ्या डोक्यात काहीतरी निसटतंय, ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हा दोघींना? यंदा बाहेरची सगळी कामं नाही म्हणून सांगितली, ती कशाला? आधी घरचं काढलं. म्हटलं, घरी नोएल आहे. चाळीस वर्षं तिचं डोकं खाल्लंय, तिला सगळं पाठ आहे. चुकलो तर ओरडेल. हे नीट जमलं तर अजून करू शकतो, नाही जमलं तर मशीन विकून टाकू. असं ठरवलं होतं मी."

नोएलीनला वाटलं, आपण खाली बसावं. पण खाली चिखल होता.

"मग ब्रेटला हो कशाला म्हणालास?" तिने विचारलं, जरी तिला उत्तर माहीत होतं.

"तू ओरडली नाहीस म्हणून," मर्विन म्हणाला.

ती रडली. मर्विनने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. थोड्या वेळाने त्याने नळी गुंडाळायला घेतली. घराकडे जाताना ती पुढे होती आणि तो मागे, आणि दोघांत पंधरा पावलांचं अंतर होतं.

सोमवारी सकाळी त्याने पोकलेन बाहेर काढलं. तळ्याच्या पाण्याने भिजलेल्या मातीचा बांध लगेच पुन्हा बांधता येत नाही, ते काम ती वाळल्यावर, वसंतात. पण आहे ते पाणी तिथे ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून बांध एका बाजूने कापून पाणी ओढ्याकडे सोडून द्यायचं होतं. त्याने एक बादली उपडी घालून नोएलीनला दाखवली.

"इथं बस. माझं काही राहिलं तर ओरड. मोठ्याने. इंजिनात मला ऐकू येत नाही."

ती बसली. त्याने इंजिन सुरू केलं, बकेट उचलली आणि बांधाच्या टोकाकडे निघाला. नोएलीनने इकडेतिकडे बघितलं. खालच्या कुंपणाचं, ओढ्याकडचं फाटक बंद होतं. त्याच्या जाळीवर पालापाचोळा अडकला होता. पाणी सुटलं असतं तर तिथेच तुंबून बाजूला, ब्रेटच्या रानात शिरलं असतं. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"फाटक!" ती ओरडली. "मर्विन, फाटक!"

इंजिन थांबलं. मर्विन उतरला, चालत जाऊन फाटक उघडून दगड लावून आला, आणि जाता जाता, फाटक मुद्दामच बंद ठेवल्यासारखं, म्हणाला, "हां. असं." त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पाणी अर्धं वाहून गेलं तेव्हा ब्रेट कुंपण ओलांडून आला. तो सातपासून आपल्या खुंट्यांपाशी वाट बघत होता. नवे कोरे बूट, डोक्याला टोपी.

"अरे, हे काय? फोडलंस का? आज माझं होतं ना?"

मर्विनने इंजिन बंद केलं. "तुझं मी खणणार नाही, ब्रेट. दुसरा माणूस बघून देतो. मी इथं चर मारायला विसरलो. बांध खालून गळतोय."

ब्रेट हसला. मर्विन पकरिज आणि चर विसरला, हे याराबिनमध्ये कोणीही ऐकलं असतं तरी हसलंच असतं. हसता हसता त्याने नोएलीनकडे बघितलं, तीही हसत असेल म्हणून.

"खरं आहे," नोएलीन बादलीवरून म्हणाली. "मला एप्रिलपासून माहीत होतं. मेंढ्या आल्या त्या दिवशीही माहीत होतं. मी बोलले नाही."

ब्रेटचं हसू मावळलं. त्याने मान वळवून उताराखाली आपल्या घराकडे बघितलं. जोडीने दुपारच्या जेवणासाठी टेबल बाहेर मांडलं होतं आणि मुली त्याच्याभोवती पळत होत्या.

"एप्रिलपासून," तो म्हणाला.

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. जाताना त्याने पोकलेनपाशी थांबून मर्विनच्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि बादलीला वळसा घालून, तिच्याकडे न बघता कुंपण ओलांडून गेला.

मर्विनने इंजिन सुरू केलं. बकेट बांधावर धरून तो तसाच थांबला आणि मान वळवून नोएलीनकडे बघायला लागला. ती उठून उभी राहिली, फाटकाकडे, ओढ्याकडे, ब्रेटच्या कुंपणाकडे नीट बघून घेतलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "चालू दे!"